आंकोर, बिस आणि वन्स मोअर : एका हाकेचा इतिहास कसा लिहायचा?

पीएच.डी.ला बसायच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न नेहमी येतो: ‘विषय केवढा घ्यावा?’ बहुतेकांच्या मनात काहीतरी भव्य असतं. ‘मराठी रंगभूमीचा सामाजिक इतिहास’, ‘वसाहतकाळातील भाषासंपर्क’, अशा धाटणीचं. विषय चांगलेच आहेत, पण त्यात शिरायचं कुठून हे कळत नाही. म्हणून आज एक अगदी छोटा शब्द घेऊन बघूया. शब्द फ्रेंच आहे, क्रियाविशेषण आहे, आणि त्याच्या मागे मागे गेलं की आपण लंडन, व्हिएन्ना, मिलान असं फिरून थेट मराठी संगीत नाटकाच्या पिटात येऊन बसतो. तो शब्द म्हणजे ‘आंकोर’. इंग्रजीत त्याचं ‘ऑन्कोर’ झालं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या कॉलेजांत अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलं कमी नाहीत. कारण सरळ आहे, मार्क मिळतात. ही मुलं फ्रेंच शिकतात ती इंग्रजीतून. त्यामुळे ‘आंकोर’ आला की वहीत चार इंग्रजी अर्थ लिहिले जातात: स्टिल, येट, अगेन, मोअर. चारही पाठ करायचे आणि कुठे कुठला लावायचा याचा गोंधळ घालायचा.

आता हेच मराठीतून करून बघा. ‘आंकोर अं काफे’ म्हणजे ‘अजून एक कॉफी’. ‘इल ए आंकोर ला’ म्हणजे ‘तो अजून तिथेच आहे’. ‘पाझांकोर’ म्हणजे ‘अजून नाही’. ‘आंकोर अं प’ म्हणजे ‘अजून थोडं’. ‘आंकोर प्लू ग्राँ’ म्हणजे ‘अजूनच मोठा’. इंग्रजीला चार शब्द लागतात तिथे आपला एकटा ‘अजून’ बहुतेक काम उरकतो.

बहुतेक, सगळं नाही. ‘आंकोर त्वा!’ याचं मराठी ‘अजून तू!’ होत नाही, ‘पुन्हा तूच!’ होतं. आणि ‘इल प्ल आंकोर’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात: पाऊस अजून पडतोय (थांबलेलाच नाही), किंवा पाऊस पुन्हा पडतोय (थांबला होता, परत आला). जुलैतल्या डोंबिवलीकराला या दोहोंतला फरक चांगला कळतो. फ्रेंच माणूस तो संदर्भावरून ओळखतो, आपल्याला मात्र ‘अजून’ की ‘पुन्हा’ हे ठरवूनच बोलावं लागतं.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गायिकेला उद्देशून कुणी ओरडलं, तर त्याला नक्की काय हवं असतं? ‘अजून गा’ की ‘तेच पुन्हा गा’?

व्युत्पत्तीतही गंमत आहे. ‘आंकोर’च्या पोटात लॅटिन ‘होरा’, म्हणजे तास किंवा वेळ, हा शब्द आहे असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मूळ अर्थ ‘या घटकेपर्यंत’. लॅटिनमध्ये ‘होरा’ आला ग्रीकमधून, आणि त्याच ग्रीक शब्दावरून संस्कृत ज्योतिषात ‘होरा’ आला, जो आजही आपल्या पंचांगात आहे. इकडे ‘अजून’मध्ये ‘आज’ दडलेला आहे: अद्य, अज्ज, आज अशी ती साखळी. म्हणजे दोन्ही भाषांनी एकच वाट धरली. ‘या वेळेपर्यंत’ असं सांगणारा शब्द आधी ‘अद्याप’च्या अर्थाने रुळला आणि मग ‘आणखी’पर्यंत सरकला. एकमेकींशी संबंध न येता हे घडलं. दोन भाषांत साम्य दिसलं की लगेच ‘यांनी त्यांच्याकडून घेतलं’ म्हणायची घाई करू नये, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

लंडनने फ्रेंच शब्द उचलला, फ्रेंचांनी नाही

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये इटालियन ऑपेराची लाट आली होती. हॅन्डेलचा ‘रिनाल्दो’ १७११ सालचा. पुढच्याच वर्षी, १७१२ मध्ये, ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात एक विनोदी पत्र छापून आलं. पत्रलेखकाचं म्हणणं असं की, हल्ली एखादं गाणं आवडलं की सभ्य गृहस्थ ‘आंकोर’ किंवा ‘आल्त्रो वोल्तो’ असं ओरडतात आणि गाणारा बिचारा ते पुन्हा गातो. इंग्रजीतल्या या वापराचा हा सुरुवातीचा पुरावा मानतात.

यातला ‘आल्त्रो वोल्तो’ मोलाचा आहे. इटालियनमध्ये ‘पुन्हा एकदा’ला ‘आल्त्रा वोल्ता’ म्हणतात. ‘आल्त्रो वोल्तो’चा अर्थ होतो ‘दुसरा चेहरा’. म्हणजे ओरडणाऱ्याला इटालियन येत नव्हतं, किंवा लिहिणारा त्याची टिंगल करत होता. काहीही असो, परकी भाषा इथे अर्थ सांगायला आलेली नाही, ऐट दाखवायला आलेली आहे. मला ऑपेरा कळतो, मला त्या जगाची भाषा येते, हे शेजारच्या खुर्चीला कळावं, एवढंच तिचं काम.

आणि स्वतः फ्रेंच लोक काय ओरडतात? ते ओरडतात ‘बिस!’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘दोनदा’. गाणं पुन्हा गाण्याला फ्रेंचमध्ये क्रियापदसुद्धा ‘बिसे’ असं आहे. इटालियनमध्येही ‘बिस’च. फ्रान्समध्ये घराच्या नंबरापुढे हा शब्द दिसतो. १२ आणि १४ यांच्या मध्ये नवं घर उभं राहिलं की ते ‘१२ बिस’, आपल्याकडे ‘१२-अ’ लिहितात तसं.

म्हणजे बघा, इंग्रजांनी फ्रेंच शब्द अशा अर्थाने घेतला, ज्या अर्थाने फ्रेंच प्रेक्षक तो वापरत नाही. शब्द फ्रेंच, पण त्याचा वापर अस्सल इंग्रजी. कोशात ‘फ्रेंचमधून’ एवढी एक नोंद वाचून थांबलो असतो तर हे सुटलं असतं. शब्द कुठून आला आणि त्याचा वापर कुठून आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संशोधनाच्या वहीत त्यांना दोन वेगळी पानं द्या.

पुन्हा गायचं की नाही, हे ठरवणार कोण?

इथून विषय भाषेतून इतिहासात शिरतो. कारण ही हाक म्हणजे एक मागणी आहे, आणि मागणी आली की ती मान्य करणारा किंवा फेटाळणारा कुणीतरी आलाच.

१७८६ च्या मे महिन्यात व्हिएन्नात मोझार्टचा ‘फिगारोचं लग्न’ रंगमंचावर आला. प्रेक्षकांनी इतकी गाणी पुन्हा गायला लावली की प्रयोग लांबत गेला. सम्राट दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला: एकाहून जास्त गायकांचं कुठलंही गाणं पुन्हा गायचं नाही. आता हुकमातली मेख बघा. एकट्याने गायचं पद मात्र पुन्हा गायला मोकळीक होती, कारण गायकाची कीर्ती त्यावर चालते, हे सम्राटालाही मान्य होतं. म्हणजे वेळ वाचवायची, पण स्टार गायकाला दुखवायचं नाही.

शंभराहून जास्त वर्षांनी हीच ओढाताण मिलानच्या ला स्काला थिएटरात दिसते. आता सम्राटाच्या जागी वाद्यवृंदाचा संचालक आहे. १९०३ मध्ये तोस्कानिनीने प्रेक्षकांच्या ‘बिस’च्या गलक्यापुढे मान तुकवायचं नाकारलं आणि तो निघून गेला. त्याच्या मते ऑपेरा ही एकसंध कलाकृती, तिच्यात मध्येच थांबून तेच पुन्हा गाणं म्हणजे तिचे तुकडे करणं. पुढे ला स्कालात एकट्या गायकाने गाणं पुन्हा गायचं नाही, हा दंडकच झाला. तो मोडला २००७ साली, हुआन दिएगो फ्लोरेस या पेरूच्या गायकाने. १९३३ नंतर पहिल्यांदाच तिथे एकट्याचं गाणं पुन्हा ऐकू आलं.

हुकूम १७८६ चा असो की दंडक विसाव्या शतकाचा, भांडण तेच आहे: संध्याकाळ कुणाच्या मालकीची? लेखक-संगीतकाराची, गायकाची, थिएटर चालवणाऱ्याची, की तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाची?

आता आपल्याकडे या

मराठी संगीत नाटकाची हाक ‘वन्स मोअर!’ ही आहे, हे कुणाला सांगायला नको. पण जरा थांबून विचार करा. लंडनचा प्रेक्षक ‘ऑन्कोर’ ओरडतो, पॅरिसचा ‘बिस’ ओरडतो. ‘वन्स मोअर’ अशी हाक देण्याची रीत इंग्रजी थिएटरात नाही. मग मराठी माणसाने ती कुणाकडून घेतली?

उत्तर समोरच आहे. लंडनने फ्रेंचचं जे केलं, तेच आपण इंग्रजीचं केलं. शब्द इंग्रजीतून घेतले, वापर आपला आपण घडवला. आणि हे आपण एकट्यानेही केलेलं नाही. पारशी नाटक कंपन्यांच्या प्रेक्षकांत, गुजराती रंगभूमीवर, दक्षिणेकडच्या नाटक-सिनेमांतही ‘वन्स मोअर’ आहेच. ही भारतीय थिएटरची इंग्रजी आहे.

ती जिथे घडली त्या जागाही ओळखता येतात. मुंबईत ग्रँट रोडचं थिएटर १८४६ चं. इंग्रजी नाटकं तिथे व्हायची, पारशी कंपन्या तिथे खेळ करायच्या, आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे सांगलीहून आपली मंडळी घेऊन मुंबईत आले तेही तिथे खेळले. १८५३ म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली तेच साल. एकाच इमारतीत वेगवेगळ्या भाषांची नाटकं आणि वेगवेगळ्या भाषांचा प्रेक्षक. अशा ठिकाणी सगळ्यांना समजेल अशी दोन शब्दांची हाक इंग्रजीत असणं स्वाभाविक होतं. हे माझं अनुमान आहे, आणि अनुमानाला अनुमान म्हणूनच प्रबंधात लिहायचं असतं.

शब्द नवा, मागणी जुनी

इथे नव्या संशोधकाला एक खड्डा असतो. ‘वन्स मोअर’ शब्द एकोणिसाव्या शतकातला, म्हणून पुन्हा गायला लावण्याची पद्धतही तेव्हाच आली, असं वाटायला लागतं. तसं नाही.

मुशायऱ्यात शेर आवडला की ‘मुकर्रर!’ म्हणतात. अरबी शब्द, अर्थ ‘पुन्हा’. त्याच धातूवरून आलेला आपला नेहमीचा शब्द म्हणजे ‘तक्रार’. मूळ अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती. फारसी-उर्दूच्या वाटेवर त्याचा अर्थ वादाकडे वळला आणि मराठीत गाऱ्हाण्यावर येऊन थांबला. एकाच मुळाचे दोन शब्द, एक दाद देणारा आणि एक कुरकुर करणारा.

तमाशात दौलतजादा असते. लावणी आवडली की रसिक पैसे पुढे करतो आणि त्याच्या पसंतीची ओळ, त्याच्या पसंतीची लावणी पुन्हा होते. तिथे पुनरावृत्तीला दाम आहे, आणि दाम देणारा माणूस सगळ्यांना दिसतो.

‘वन्स मोअर’मध्ये काय बदललं? बदललं तिकीट. प्रेक्षक दारातच पैसे देऊन आत आला. आता प्रत्येक पदाला वेगळा पैसा नाही. त्यामुळे मागणी करायचा हक्क पुढच्या रांगेतल्या एका धनिकाकडून सगळ्या थिएटरकडे आला. पिटात कमी पैशांत बसलेला कारकून आणि खुर्चीवरचे वकीलसाहेब, दोघांचाही आवाज सारखाच मोठा निघतो. शब्दाबरोबर बदललेली खरी गोष्ट ही आहे, आणि ती कोशात सापडणार नाही.

वन्समोअर : क्रियाविशेषणाचं नाम कसं झालं

मराठीत आल्यावर या शब्दाचं व्याकरणही बदललं. इंग्रजीत ‘वन्स मोअर’ क्रियाविशेषण आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘पदाला तीन वन्समोअर मिळाले’, ‘बुवांनी वन्समोअर घेतला’, ‘लोकांनी वन्समोअर दिला’. म्हणजे ते पुल्लिंगी नाम झालं, मोजता येणारं. देणारे प्रेक्षक, घेणारा नट. जणू पदकच.

‘ऑन्कोर’चंही इंग्रजीत हेच झालं. क्रियाविशेषण होतं, त्याचं नाम झालं आणि क्रियापदही झालं. हाक जेव्हा प्रथा बनते, तेव्हा भाषेला तिचं नाव ठेवावं लागतं, आणि नाव ठेवलं की ती मोजता येते. नट-गायकाची किंमत वन्समोअरच्या आकड्यात सांगता येऊ लागते.

भाषाशुद्धीची चळवळ आली तरी हा शब्द हलला नाही, हेही बघण्यासारखं आहे. ‘दिग्दर्शक’, ‘चित्रपट’, ‘मध्यंतर’ असे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात आणि ते मराठीत पक्के बसले. म्हणजे नाट्यगृहातल्या ‘इंटर्व्हल’ला मराठी पर्याय मिळाला, आणि त्याच नाट्यगृहातला ‘वन्स मोअर’ तसाच राहिला. मला याचं एक कारण दिसतं. ‘मध्यंतर’ छापला जातो: पाटीवर, जाहिरातीत, कार्यक्रमपत्रिकेत. छापणाऱ्याला शब्द बदलता येतो. हाक कुणी छापत नाही. ती अंधारातून, आनंदाच्या भरात, तोंडून निघते. तिथे शुद्धीकरणाचा हात पोचत नाही.

कंपनीच्या काळातली रात्र

किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं, ‘सौभद्र’ १८८२ चं. दोन्ही नाटकांत शंभराहून जास्त पदं. मुळातच एवढी पदं, त्यात आवडलेल्या प्रत्येकाला वन्समोअर. मग रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं यात नवल ते काय? भाऊराव कोल्हटकर, पुढे केशवराव भोसले, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ. या सगळ्यांची कीर्ती वन्समोअरच्या भाषेत सांगितली गेली.

पण नाटककाराच्या बाजूने बघितलं तर चित्र वेगळं आहे. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घ्या. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, आणि नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर. पदं त्यांची नव्हेत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. बालगंधर्व सिंधू झाले. सिंधू ही दारूड्या नवऱ्याच्या संसारात भरडलेली बाई. तिचं दैन्य नाटककाराने पायरी पायरीने चढवत नेलेलं. अशा प्रसंगात पद होतं, थिएटर ‘वन्स मोअर’ने दुमदुमतं, आणि तेच पद पुन्हा होतं. ऐकणाऱ्याला स्वर्ग. कथानकाचं काय होत असेल? सिंधू पुढे जायला निघालेली असते आणि तिला मागे बोलावलं जातं.

याला ‘प्रेक्षकांचं अज्ञान’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते चूक ठरेल. प्रेक्षक एकाच वेळी दोन गोष्टी बघत होता: सिंधूचं दुःख आणि बालगंधर्वांचं गाणं. दोन्हींमध्ये त्याला विरोध वाटत नव्हता. आणि शास्त्रीय संगीताच्या अंगाने विचार केला तर दुसऱ्यांदा गायलेलं पद म्हणजे पहिल्याची नक्कल नसते. नव्या हरकती, नव्या ताना, वेगळी जागा. म्हणजे प्रेक्षक ‘पुन्हा’ मागत होता आणि गायक त्याला ‘अजून’ देत होता. सुरुवातीला ठेवलेला फरक आठवा. फ्रेंच ‘आंकोर’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आपल्या नाट्यगृहातही ते एकत्र नांदत होते.

८ जुलै १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’ या सगळ्याचा कळस. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या: बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. अशा रात्री वन्समोअर हा निव्वळ गाण्याचा राहत नाही. गंधर्व मंडळीचे चाहते आणि ललितकलादर्शचे चाहते एकाच छताखाली आवाजाने मोजदाद करत असतात.

मग वारं फिरलं. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. पडद्यावरच्या नटाला हाक ऐकू जात नाही. तबकडी घराघरांत पोचत होती. साधारण तीन मिनिटांची का होईना, पण सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली की घरबसल्या वन्समोअर, तोही कुणाला न विचारता. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं: गाणी मोजकी, अभिनय स्वाभाविक, नाटक आटोपशीर. तोस्कानिनीचाच विचार इथे वेगळ्या रूपात आला असं म्हणता येईल: कलाकृती एकसंध असते, तिला मध्ये थांबवायचं नाही.

आज ही हाक कुठे आहे?

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी गडकऱ्यांच्याच नावाचं रंगायतन १९७८ पासून उभं आहे. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. आता नाट्यगृह सत्रांवर मिळतं: सकाळ, दुपार, रात्र. दुपारचा प्रयोग लांबला की रात्रीच्या प्रयोगाचा टेम्पो बाहेर सेट घेऊन ताटकळतो. रात्रीचा लांबला की प्रेक्षक घड्याळ बघायला लागतो, कारण त्याला बदलापूरची नाहीतर टिटवाळ्याची लोकल गाठायची असते. सम्राट जोसेफच्या हुकमाचं काम आता सत्राचं वेळापत्रक आणि मध्य रेल्वे मिळून करतात.

तरी हाक गेलेली नाही. नाट्यसंगीताच्या मैफलीत, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात ‘वन्स मोअर’ येतोच. फक्त आता तो नाटकाच्या कथेत घुसत नाही, कारण तिथे कथाच नसते. नाटकातून पद सुटं झालं, आणि पदाबरोबर हाकही सुटी झाली. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’सारख्या नाटकाने तिला पुन्हा नाटकात जागा दिली, पण तिथे कथाच गायकांची होती. गवयाने गाणं पुन्हा गायलं तर कथानकाला धक्का बसत नाही.

याचं संशोधन करायचं तर

आता मुद्द्याचं. असा विषय घेतलात तर साधनं कुठून आणाल? हाकेचं दफ्तर नसतं. नाटकाच्या छापील संहितेत वन्समोअर नसतो. म्हणून बाजूबाजूने जावं लागतं.

पहिलं साधन आत्मचरित्रं. गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’, गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’. वाचताना लक्षात ठेवा, नट वन्समोअर आठवतो तो पदकासारखा. न मिळालेला वन्समोअर तो लिहीलच असं नाही. त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नका. कुणाच्या पदाबद्दल कोण लिहितोय, मित्र की स्पर्धक, हे आधी बघा.

दुसरं, वर्तमानपत्रं-मासिकांतली परीक्षणं. तिथे उलट कल असतो. परीक्षकाला वन्समोअर खटकतो म्हणून तो लिहितो. म्हणजे एकाकडे पदक, दुसऱ्याकडे तक्रार. दोन्ही साधनं शेजारी ठेवली तरच खोली दिसते.

तिसरं, सरकारी कागद. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यामुळे सरकारचं लक्ष नाटकाच्या मजकुरावर होतं. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आलं आणि १९१० मध्ये बंद झालं. मजकूर वाचून बंदी घालता येते, पण प्रेक्षक कुठल्या वाक्याला टाळ्या देतो आणि कुठलं पद पुन्हा मागतो, हे मजकुरात नसतं. एखादं निरुपद्रवी पद तीनदा गायला लावलं तर त्याचा अर्थ बदलतो का? प्रबंधासाठी हा प्रश्न चांगला आहे, कारण तो पुराव्याने तपासता येतो.

आणि हे सगळं शोधायला लगेच परदेशी जायला नको. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून. जुनी आत्मचरित्रं, मासिकांचे बांधीव अंक आधी अशा ठिकाणी बघावेत, मग मुंबई-पुण्याकडे वळावं. जाताना प्रश्न लिहून न्या, नाहीतर दिवसभर रंजक मजकूर वाचून रिकाम्या वहीने परत याल.

शेवटी, छोटा शब्द निवडण्याचा फायदा काय ते सांगतो. ‘मराठी रंगभूमीचा सामाजिक इतिहास’ लिहायला बसलात तर सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, तेच कळणार नाही. ‘वन्स मोअर’ घेतलात तर तिकिटाचा इतिहास त्यात येतो, इंग्रजीचा येतो, नट आणि नाटककाराचं भांडण येतं, सिनेमा येतो, लोकलसुद्धा येते. आणि प्रत्येक गोष्ट त्या एका हाकेशी बांधलेली असल्यामुळे भरकटायला होत नाही.

तेव्हा एक काम करा. तुमच्या विषयातला असा एखादा शब्द उचला, जो सगळे बोलतात पण कुणी लिहीत नाही. त्याला तीन प्रश्न विचारा: शब्द कुठून आला? त्याचा वापर कुठून आला? आणि तो उच्चारल्यावर कुणाला काहीतरी करावं लागतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की समजा तुमचा विषय उभा राहिला.